बाटलीतल्या गोळ्या की बरणीतलं आमसूल?

आईला मधुमेह निघाला आणि पंधरा दिवसांत मुंबईच्या पाहुण्यांनी अँटिऑक्सिडंटच्या दोन बाटल्या आणून दिल्या. एक कर्क्युमिनची, दुसरी क आणि ई जीवनसत्त्वांची. वेंगुर्ल्याच्या आमच्या फडताळात त्या आमसुलाच्या बरणीला खेटून उभ्या राहिल्या. तुमच्याही घरी हा पेच पडला असेल, तर मला जे समजलं ते सांगते.

अँटिऑक्सिडंट म्हणजे शरीरातला गंज पुसणारा बोळा, असं आपण धरून चालतो. हळदीतल्या कर्क्युमिनचं काम वेगळं आहे. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन असतं आणि कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला दाबून ठेवतं. कर्क्युमिन कीप-१ला जरासं डिवचतं. पकड सुटली की एनआरएफ-२ पेशीकेंद्रात जातं आणि ग्लुटाथिओन, म्हणजे पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट, तयार करणारी जनुकं चालू करतं. म्हणजे बचाव पेशीच करते, बाहेरून मिळते ती हाक.

आपल्या कोकमाचं तर मला फारच अप्रूप वाटलं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांना ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटले की वेटोळं सैल होतं आणि जनुक वाचलं जातं. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, सालीतलं गार्सिनॉल हे द्रव्य हे चिकटवणंच रोखतं, असं बंगळूरच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. मात्र ते प्रयोगशाळेतल्या पेशींवर. वाटीभर सोलकढीने तेवढं होतं असं कुणी म्हणू नये.

आता बाटली. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, त्यामुळे ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे पाच-सहा चमचे हळद. आई अख्ख्या आमटीला पाव चमचा घालते. कर्क्युमिन अंगी लागावं म्हणून गोळीत मिरीतलं पायपरिनही घालतात, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाटली उघडूच नका.

दुसऱ्या बाटलीने माझं मन ठाम केलं. २००९ मधल्या एका जर्मन अभ्यासात तरुण पुरुषांनी चार आठवडे व्यायाम केला. ज्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई दिलं, त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम सुधारलाच नाही. नुसता व्यायाम करणाऱ्यांत सुधारला. व्यायामाने पेशीवर येणारा थोडा ताणच पेशीच्या बचावाच्या जनुकांना जागं करतो, आणि गोळ्यांनी तो पुसून टाकला. आई रोज संध्याकाळी बंदरापर्यंत चालत जाते. ते चालणं मी कसं वाया जाऊ देऊ? विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी बीटा-कॅरोटीनच्या (गाजरातल्या केशरी रंगद्रव्याच्या) गोळ्या त्याहून वाईट: फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपान करणाऱ्यांवरच्या चाचणीत त्या घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त झाला (१९९४).

बरणीही निर्दोष नाही. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर, रक्तदाब असेल तर जपून. कोकम सरबताच्या तयार पाकात साखर इतकी की मधुमेह्याने नादी लागू नये. आमसूल धुऊन, भिजवून, नारळाच्या रसात लसूण-मिरची घालून केलेली सोलकढी मला सगळ्यांत बरी वाटते. डॉक्टरांनी दिलेली औषधं अर्थातच चालूच ठेवायची.

बाटल्या आम्ही परत केल्या. यंदा मे महिन्यात आईने निम्मी सालं मिठाशिवाय, नुसत्या रसात बुडवून वाळवली. ती बरणी वेगळी आहे, झाकणाला तांबडा दोरा बांधलेली.