एनपीएम सोडून पीएनपीएम, काही महिन्यांनंतर

आमचं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, टीम छोटी, एकाच रिपोमध्ये (कोडच्या साठ्यात) तीन रिअ‍ॅक्ट अ‍ॅप्स, नोडचा बॅकएंड आणि चार-पाच कॉमन पॅकेजेस. 2025 च्या पावसाळ्याआधी एनपीएमवरून (जावास्क्रिप्टची पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, आणून बसवणारं टूल) पीएनपीएमवर (तेच काम करणारं दुसरं टूल) आलो. तेव्हापासून रोजच्या वापरात आहे म्हणून लिहितोय, कारण जो तो 'फास्ट आहे, जागा वाचते' एवढंच सांगतो आणि मला विचाराल तर ते बोनस आहे, खरी गोष्ट वेगळीच आहे.

जागेचं आधी उरकून टाकतो. पॅकेजची प्रत्येक व्हर्जन मशीनवर एकदाच एका कॉमन स्टोअरमध्ये येते आणि प्रोजेक्टमध्ये तिची सहसा नुसती हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव, वेगळी कॉपी नाही) पडते. 256 जीबीचा लॅपटॉप असेल तर फरक लगेच कळतो. स्टोअरचा पाथ मुद्दाम वेगळ्या ड्राइव्हवर दिलात तर मात्र लिंक होत नाही, सरळ कॉपी होते, मग म्हणू नका की काही वाचलं नाही. अजून एक फायदा म्हणजे ठाणे-वाशी ट्रेनमध्ये हॉटस्पॉट गेला तरी ब्रांच (कोडची दुसरी शाखा) बदलून ऑफलाइन इन्स्टॉल मारता येतं, पॅकेज स्टोअरमध्ये आधी आलेलं असलं म्हणजे झालं.

आता मुद्द्याचं. एनपीएमने 2015 मध्ये तिसऱ्या व्हर्जनपासून नोड मॉड्यूल्स फोल्डर (पॅकेजेस उतरतात तो) सपाट केला, म्हणजे तुमच्या पॅकेजेसची पॅकेजेससुद्धा जमेल तितकी वरच्याच लेव्हलला येऊन बसतात. त्यामुळे तुम्ही कधी मागवलेलंच नाही ते पॅकेज पण बिनधास्त इम्पोर्ट होतं आणि कोणाला पत्ता लागत नाही. पीएनपीएममध्ये वर फक्त तुम्ही पॅकेज जेसनमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेल्या फाइलमध्ये) लिहिलेलंच दिसतं, बाकी सगळं आतल्या पीएनपीएम नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये. आमच्याकडे लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या व्हर्जन्सची नोंद) इम्पोर्ट कमांडने बदलली, इन्स्टॉल नीट झालं, आणि बिल्ड मारल्यावर एरर, 'लोडॅश सापडत नाही'. आता लोडॅश (छोट्या कामांच्या तयार फंक्शन्सची लायब्ररी) तर किती वर्षं वापरतोय! शोधलं तर कुठल्याच पॅकेज जेसनमध्ये ते नव्हतं, एका चार्ट लायब्ररीच्या मागून आलेलं आणि आमचा युटिल्सचा कोड त्याच्यावर फुकट चाललेला. म्हणजे शेजाऱ्याचं वायफाय, त्याने पासवर्ड बदलला की आपण बसलो. असे बरेच निघाले, दोन-तीन दिवस हेच काम. टीममध्ये कुरकुर झाली की हे टूलच तोडतंय सगळं, पण तुटलेलं आधीपासून होतं, याने फक्त दाखवलं. कुठलं पॅकेज कोणाच्या मागून आलंय ते बघायला 'पीएनपीएम व्हाय' कमांड आहे, ती शिकून घ्या, बाकी नंतर.

दुसरी आवडलेली गोष्ट सिक्युरिटीची. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या दहाव्या व्हर्जनपासून डिपेंडन्सीच्या (मागवलेल्या पॅकेजच्या) इन्स्टॉल स्क्रिप्ट्स, म्हणजे बसवताना चालणारा कोड, आपोआप चालत नाहीत, कोणाला परवानगी द्यायची ते तुम्ही ठरवायचं. सुरुवातीला वैताग येतो, इमेज प्रोसेसिंगवालं एखादं पॅकेज चालेना की आठवतं, अरे अप्रूव्ह करायचं राहिलं. पण सप्टेंबर 2025 मध्ये चॉक आणि डीबग या पॅकेजेसचं जे झालं, मेंटेनरला (ती सांभाळणाऱ्याला) फिशिंग मेल आणि रोज कोट्यवधी वेळा डाउनलोड होणाऱ्या पॅकेजेसमध्ये क्रिप्टो वॉलेटचे व्यवहार पळवणारा कोड, त्यानंतर कोणी कुरकुर केली नाही. त्या केसमध्ये स्क्रिप्ट बंद असून उपयोग नव्हता कारण घाण लायब्ररीच्याच कोडमध्ये होती, हे पण खरं. त्यावर त्याच महिन्यात 10.16 मध्ये 'मिनिमम रिलीज एज' सेटिंग आलं, पॅकेज पब्लिश होऊन अमुक मिनिटं झाल्याशिवाय घ्यायचंच नाही. आम्ही 1440 ठेवलंय, म्हणजे एक दिवस. त्या खराब व्हर्जन्स काही तासांतच काढल्या गेल्या होत्या, त्यामुळे एक दिवसाने चांगलं काम भागतं, आणि आपलीच घरची पॅकेजेस यातून वगळता येतात.

खटकलेल्या गोष्टी पण आहेत. लिनक्स किंवा विंडोजवर सहसा हार्ड लिंक असल्यामुळे डीबग करताना नोड मॉड्यूल्समधल्या फाइलमध्ये हात घातलात तर तो बदल त्या मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्ट्समध्ये जातो! आमच्या एका पोराने एका लायब्ररीत कन्सोल लॉग टाकला आणि दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये 'इथे आलो रे' छापून यायला लागलं, सगळे अर्धा तास हैराण. मॅकवर क्लोन (बदल केला की वेगळी होणारी प्रत) होतं म्हणून तिकडे हा प्रकार नाही. लायब्ररीत बदल करायचाच असेल तर 'पीएनपीएम पॅच' वापरा. शिवाय काही जुनी टूल्स सिमलिंक (दुसरीकडच्या फोल्डरकडे नेणारा शॉर्टकट, पीएनपीएम हेच वापरतं) बघून गडबडतात, आमचं मोबाईल अ‍ॅप वेगळ्या रिपोमध्ये आहे तिथे नोड लिंकर सेटिंग 'हॉइस्टेड' (एनपीएमसारखा सपाट फोल्डर) ठेवून गप्प बसलो, शिस्तीचा फायदा गेला पण काम थांबलं नाही. स्टोअर स्वतःहून साफ होत नाही, मधून मधून प्रून (न लागणारी पॅकेजेस काढणारी कमांड) मारावं लागतं. आणि नवीन माणूस सवयीने एनपीएम इन्स्टॉल मारतो, दोन लॉक फाइल्स होतात, पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायच्या विनंतीत) भांडण.

एकच छोटं अ‍ॅप असेल, एकटेच काम करत असाल तर एवढा खटाटोप करू नका, एनपीएम बरं आहे. मोनोरेपो (आमच्यासारखे बरेच प्रोजेक्ट्स एकाच रिपोमध्ये) असेल तर मात्र घ्याच, आणि पॅकेज जेसनमध्ये पॅकेज मॅनेजरची व्हर्जन पिन (पक्की) करा. नोड 25 पासून कोअरपॅक (पीएनपीएमसारखे पॅकेज मॅनेजर आणून देणारं टूल) सोबत येत नाही, म्हणून ऑनबोर्डिंगच्या कागदात पीएनपीएम वेगळं टाकायची ओळ आत्ताच लिहून ठेवा.