टेबलावरचा माग: चौकट ठेवा, पेटीतलं सूत बदला

सोलापुरात बसून ऑनलाइन माग मागवणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का कुरिअरनं आणण्यासारखं आहे. तरीही ‘विणकाम संच’ या नावानं मिळणारी ही छोटी लाकडी चौकट कामाची निघते, पेटीतल्या निम्म्या वस्तू बाजूला ठेवल्या तर. ब्रँड कुठलाही असो, ऐवज जवळपास सारखाच असतो: ४० × ३० सेंमीची खाचा पाडलेली चौकट, एक रुंद पट्टी, लाकडी फणी, दोन प्लास्टिकच्या सुया, अ‍ॅक्रिलिक लोकरीचे पाच-सहा गुंडे आणि नक्षीचा छापील कागद. किंमत हजार रुपयांच्या आतबाहेर.

‘मन शांत करतो’ असं पेटीवर लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या एका प्रयोगात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं हातानं काहीतरी घडवलं. त्यानंतर सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, उतरलेलं आढळलं. आधी कला येत होती की नाही, यानं फरक पडला नाही. मात्र प्रयोग लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता आणि साहित्य होतं माती, रंगीत पेनं आणि कोलाजचे कागद, माग नव्हे. त्यामुळे पेटीवरचं वाक्य औषधाच्या चिठ्ठीसारखं वाचू नका. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आधी बोला. माग कुठे पळून जात नाही.

रोजच्या धबडग्यात हा प्रकार टिकतो, त्याचं कारण साधं आहे: तो कुठेही थांबवता येतो. जलरंग वाळतात, माती कडक होते. इथे कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला सुई अर्ध्या ओळीत सोडून उठलात तरी काही बिघडत नाही. अट एकच, चौकट कपाटात जाता कामा नये. दोन खिळ्यांवर, जाता-येता दिसेल अशी टांगा. पेटीत भरून ठेवलेला माग दुसऱ्यांदा बाहेर निघणं कठीण.

बहुतेकांचं घोडं अडतं ते ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना. पहिल्यांदा याला पाऊण ते एक तास लागतो. हे काम रविवारी उरकावं, रोजच्या वीस मिनिटांत ते बसवू नये. डाव्या खालच्या खाचेत गाठ मारा, धागा वर न्या, शेजारच्या खाचेतून खाली आणा, असं करत ४० उभे धागे घ्या. १६ मीटर हिशेबात येतं, पण १८ धरा. सगळं झाल्यावर पहिल्या धाग्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक धागा चिमटीत धरून ढिलाई पुढे सरकवत न्या. मधोमध बोट दाबलं की धागा सेंटीमीटरभर खाली जाऊन परत आला पाहिजे. तंबोऱ्यासारखा वाजू लागला तर ताण जास्त झाला. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, चौकट अशा ताणानं आत वाकते आणि मधले धागे लोंबू लागतात. म्हणून घेताना लाकूड विचारा. निदान दोन सेंमी जाडीचं भरीव लाकूड हवं.

ताण्याला पेटीतली लोकर अजिबात वापरू नका. ती रबरासारखी ताणते आणि काम उतरवल्यावर तुकडा आखडतो. इथे सोलापूरकरांची चैन आहे. साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पूर्व भागात सूत कोनावर आणि किलोवर मिळतं. चादरी-टॉवेलच्या कामातून उरलेलं रंगीत सूतही विचारून पाहावं. ताण्याला २/२० चं सूत तिहेरी करून घ्या. दोन पदरी २० म्हणजे जाडीनं १० नंबर: एका पौंडात ८४० यार्डांच्या दहा लडी. हिशेब केला तर १०० ग्रॅममध्ये १,६०० मीटरहून जास्त धागा येतो. तिहेरी करूनही चौकट पंचवीस वेळा सहज भरेल. लोकर वाया जात नाही, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, चालते.

विणताना रुंद पट्टी एक सोडून एक धाग्यांखाली घालून उभी केली की वाट उघडते. त्या ओळीत सुई सरळ निघते. परतीच्या ओळीत मात्र धागे एकेक उचलावेच लागतात. सवय झाली की वीस मिनिटांत वीसेक ओळी होतात. जाड बाण्यानं म्हणजे पाच सेंमी.

सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे कडा आत ओढल्या जाऊन तुकड्याला कंबर येणं. बाणा सरळ ओढून घेतल्यानं हे होतं, कारण वर-खाली जाणाऱ्या धाग्याला रुंदीपेक्षा जास्त लांबी लागते. म्हणून धागा कमानीसारखा वर उचलून ठेवा, मग फणीनं मधून कडेकडे खाली बसवा. पेटीतल्या फणीचे दात जाड आणि खरखरीत असतात, सुताचे तंतू ओढतात. स्वयंपाकघरातला काटा-चमचा तिच्यापेक्षा बरा. बाण्याचा धागा एका वेळी दीड मीटरहून लांब घेतला की पीळ पडून गुंता होतो.

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात सुती ताणा कडेला तुटू लागतो. कापसाचा धागा ओलाव्यात मजबूत असतो. विणायच्या आधी पाण्याचा हलका फवारा मारला तर तुटणं बरंच कमी होतं.

छापील नक्षीचा कागद आम्ही सरळ रद्दीत टाकायला सांगू. चौकोन मोजत बसलं की गृहपाठ सुरू होतो. आपल्या शहरात तर मोजणीचं ओझं वेगळंच आहे: पूर्व भागातल्या कित्येक घरांत माग म्हणजे पाळी, मीटर आणि मजुरी. त्या घरातल्या कुणाला ही चौकट भेट देणार असाल, तर ‘किती झालं?’ हा प्रश्न विचारू नका. तीन रंग निवडा, कुठला कधी घालायचा ते त्या संध्याकाळी ठरू द्या.

वरचे आठ-दहा सेंमी विणता येत नाहीत, सुईला वाव राहत नाही. ४० सेंमीच्या चौकटीत ३० चाच तुकडा धरून चाला. उतरवताना ताणा कापून दोन-दोन धाग्यांच्या गाठी मारा. धुण्याआधी गडद रंगावर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. लाल किंवा निळा डाग उठला तर तो तुकडा वेगळा, गार पाण्यात धुवा.

पैसे वाचवायचे असतील तर सुताराकडून सागवानाच्या चार पट्ट्यांची चौकट करून घ्या. खाचांऐवजी खिळे, सहा मिलिमीटर अंतरावर, पण एका रेषेत नकोत; दोन रांगांत आडवेतिडवे मारायला सांगा, नाहीतर लाकूड रेषेतच चिरतं.