मेडारामची जत्रा आणि चंद्रपूरहून जाणारी एक सहल

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका खासगी सहल-संस्थेबरोबर मेडारामला सम्मक्का-सारलम्मा या देवींच्या जत्रेसाठी जाण्याचा योग आला. प्रवासाची व्यवस्था चोख होती. माहितीपत्रक मात्र जत्रा न पाहिलेल्या माणसाने लिहिले असावे.

सर्वांत जमेची बाजू वेळापत्रकाची. तेलंगणच्या मुलुगू जिल्ह्यातील कोया आदिवासींची ही जत्रा दर दोन वर्षांनी माघात भरते. बुधवारी सारलम्मा कन्नेपल्लीहून येते आणि गुरुवारी तिची आई सम्मक्का चिलकलगुट्टा टेकडीवरून आणली जाते. आमची बस सिरोंच्याजवळ गोदावरी ओलांडून गुरुवारी सकाळीच पोहोचल्याने हे दुसरे आगमन पाहायला मिळाले. कोया पुजारी कुंकवाचा करंडा घेऊन निघतात, पोलीस हवेत फैरी झाडून देवीला मानवंदना देतात आणि वाट अडवून बसलेली गर्दी क्षणात उठून उभी राहते. एवढ्यासाठीसुद्धा सहलीचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

पत्रकात ‘देवीच्या मूर्तीचे विशेष दर्शन’ असे ठळक अक्षरांत छापले होते. वास्तविक तेथे मूर्तीच नाही. गद्दे म्हणतात त्या ओट्यांवर बांबू आणि कुंकू हेच देवीचे रूप. विशेष दर्शनही नव्हते, सर्वांच्याच रांगेत उभे राहावे लागले. सरकारी अंदाजाने एक कोटीहून अधिक भाविक येतात त्या ठिकाणी असे आश्वासन मुळात द्यायलाच नको होते. काकतीय राजाच्या करवसुलीविरुद्ध लढलेल्या मायलेकींची कथा, आणि सम्मक्काचा मुलगा जंपन्ना ज्या ओढ्यात मरण पावला, त्या जंपन्ना वागूत भाविक आधी स्नान का करतात, याविषयी पत्रकात अवाक्षरही नव्हते.

नैवेद्याच्या गुळाची सोय मात्र उत्तम होती. येथे गुळाला ‘बंगारम’ म्हणजे सोने म्हणतात आणि नवस फेडणारे स्वतःच्या वजनाइतका गूळ वाहतात. आयोजकांनी तो आधीच आणून वाजवी दराने दिला. गद्द्यापर्यंत पोहोचता न आलेले लोक मागूनच ढेपा भिरकावतात, त्यामुळे डोके सांभाळावे लागते, आणि पायाखालची जमीन इतकी चिकट होते की चपला बसमध्येच ठेवलेल्या बऱ्या. ही सूचना आमच्या वाटाड्याने वेळेवर दिली, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवे.

परतीचा प्रवास शुक्रवारी रात्रीचा असल्याने शनिवारी देवींना पुन्हा वनात पोहोचवले जाते तो विधी हुकतो. तो पाहायचा असल्यास पैसे भरण्यापूर्वीच मुक्काम वाढवण्याविषयी विचारून घ्यावे.