समृद्धीवरून माल: वाळूज ते भिवंडी आणि न्हावाशेवा, काही महिन्यांच्या वापरानंतर

5 जून 2025 ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा तुकडा खुला झाला आणि समृद्धी महामार्ग एकदाचा पूर्ण 701 किलोमीटर झाला. स्वतःच्या कारने नागपूर-मुंबई करून आलेल्यांनी त्यावर पोटभर लिहिलंय, व्हिडिओही टाकलेत. माल पाठवणाऱ्याच्या बाजूने मात्र फारसं काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा लांबलचक अनुभव.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत आमचा प्रेस पार्टचा छोटा कारखाना आहे. डिस्पॅच माझ्याकडे. दर आठवड्याला भिवंडीच्या गोदामाला एक आयशर (दोन अ‍ॅक्सलचा ट्रक) जाते, आणि महिन्यातून एखाद-दुसरा वीस फुटी कंटेनर न्हावाशेवा बंदराला. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही गाड्या माळीवाड्याला समृद्धीवर चढवतो. त्याआधी भिवंडीची गाडी नाशिक, घोटी, कसारा घाट अशी उतरायची, आणि कंटेनर नगर रोडने शिक्रापूर-चाकण-तळेगाव करत एक्स्प्रेसवेला लागायचा. चाकणच्या चौकात संध्याकाळी कंटेनर घेऊन उभं राहिलेल्या ड्रायव्हरला त्या रस्त्याबद्दल विचारून बघा, छापण्यासारखं काही बोलणार नाही.

आधी वेळेचं. माळीवाडा ते आमणे हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मालवाहू गाडीला वेगमर्यादा ताशी 80, त्यामुळे कारवाल्यांचे 120 चे हिशोब इथे लावू नका. चहा-जेवणाचा थांबा धरून भरलेली आयशर साडेचार-पाच तासांत आमण्याला उतरते. मोठा फरक घाटाचा. इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे 8 किलोमीटरचा आहे, खुला झाला तेव्हा राज्यातला रस्त्याचा सगळ्यात लांब बोगदा. कसाऱ्याच्या उतारावर भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक तापवत, पुढे कुणी बंद पडलेला नाही ना बघत उतरवायची, ते सगळं गेलं. आमचा नेहमीचा ड्रायव्हर सांगतो की ब्रेकचे लायनर जास्त टिकायला लागलेत आणि डिझेलचं अ‍ॅव्हरेजही सुधारलंय. एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीचं ते सुधारणारच.

पण मला खरा फायदा झाला तो वेग वाढल्याचा नाही, वेळ ठरल्याचा. आधी भिवंडीला माल पहाटे चारलाही पोचायचा आणि सकाळी अकरालाही. गोदामवाला विचारायचा, गाडी किती वाजता लागेल? आम्ही म्हणायचो, निघालीय. आता गाडी सुटली की पाच-साडेपाच तासांत आमण्याला असते, हे जवळपास धरून चालता येतं. आमच्या मोठ्या ग्राहकाला भिवंडीत साठा ठेवायचा नाहीये. पूर्वी तो तीन आठवड्यांचा माल पडून चालवून घ्यायचा, आता आठवड्याचाही त्याला जड होतो. अशा माणसाला दोन तास लवकर पोचल्याचं कौतुक नसतं, सांगितलेल्या वेळेला गाडी दारात हवी असते. ते आता आम्ही करू शकतो, आणि यंदाच्या दरबोलणीत हा मुद्दा आमच्या बाजूने चालला.

गंमत अशी की पहिले काही आठवडे काहीच वाचलं नाही. गाडी पहाटे पोचायची आणि गोदामाचं शटर नऊला उघडायचं. हमाल साडेनऊला. मग वाराईची (माल उतरवायच्या मजुरीची) घासाघीस, मग नंबर. रस्त्यावर वाचलेले तास गेटसमोर उभ्या गाडीत जिरायचे, वर ट्रान्सपोर्टवाला हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे मागायचा. शेवटी आम्ही कारखान्याचं लोडिंग हलवलं. पूर्वी दुसऱ्या पाळीचा माल दुसऱ्या दिवशी जायचा. आता तो त्याच रात्री भरतो, गाडी साडेबारा-एकला सुटते आणि सातपर्यंत गोदामाच्या रांगेत पहिली किंवा दुसरी असते. एक अख्खा दिवस मिळाला तो इथे. रस्ता होता तोच, लोडिंगची वेळ बदलली. ई-वे बिलाची (जीएसटीच्या माल वाहतूक परवान्याची) मुदत 200 किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आमच्या अंतराला कागदोपत्री दोन दिवस मिळतात. गाडी पाच-सहा तासांत पोचते, पण पाळ्या आणि गोदामं अजून त्या दोन दिवसांच्या चालीने चालतात.

आता कंटेनर. ही गोष्ट वेगळी आहे आणि नवीन माणसाच्या लवकर लक्षात येत नाही. कंटेनर आमच्याकडे रिकामा वर येतो, इथे माल भरून ई-सील (कस्टम्सचं इलेक्ट्रॉनिक सील) लागतं आणि भरलेला खाली जातो. म्हणजे टोल दोन्ही बाजूंचा. 1 एप्रिल 2025 पासूनच्या दराने दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला किलोमीटरला 6.97 रुपये आणि चार ते सहा अ‍ॅक्सलच्या गाडीला 10.93 रुपये पडतात. अडीचशे किलोमीटरचे आयशरला साधारण साडेसतराशे, ट्रेलरला सव्वासत्तावीसशे. जाऊन-येऊन साडेपाच हजारांच्या आत-बाहेर. आमच्या ट्रान्सपोर्टरने हा आकडा सरळ भाड्यात चढवला. डिझेल वाचतंय, फेरा लवकर होतोय, त्याचं काय, असं विचारलं तर हसला. परतीचं भाडं मिळालं तर बघू म्हणतो. त्याचंही खोटं नाही: आयशरला भिवंडीहून परतीचा माल मिळतो, कंटेनरच्या ट्रेलरला तो मिळत नाही.

आणि आमणे म्हणजे बंदर नव्हे. तिथून पडघा, भिवंडी, मुंब्रा बायपास, शिळफाटा, कळंबोली असं करत न्हावाशेव्याला जावं लागतं. ठाण्याच्या हद्दीत जड वाहनांना ठराविक वेळेतच सोडतात, आणि त्या वेळा अधूनमधून बदलतात. ती वेळ हुकली की ट्रेलर कडेला उभा. अडीचशे किलोमीटरला पाच तास आणि पुढच्या सत्तर-ऐंशीला चार, हे आम्हाला नवीन नाही. ई-सील लावलेला कंटेनर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाला) न थांबता थेट टर्मिनलला जाऊ शकतो, ही सोय आहे आणि चांगली आहे. पण कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी कंटेनर घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या आत गेटला पोचलात तर. त्यामुळे कंटेनरला मी अजूनही एक दिवस जादा हातात ठेवतो. नाशिकमार्गे कुणी पाठवत असेल तर समृद्धी घ्यावी यात प्रश्नच नाही. नगर-पुण्याहून जाणाऱ्यांनी मात्र आपल्या कट-ऑफचा वार आणि वेळ बघूनच ठरवावं. पनवेलकडून बंदरात शिरणं सोपं आहे, तेवढा एक गुण जुन्या रस्त्याला द्यावाच लागतो.

ड्रायव्हरच्या बाजूने दोन गोष्टी. रस्ता सरळ, मोकळा, काँक्रीटचा. उन्हाळ्यात टायर तापतात. हवा आणि टायरचं वय बघितल्याशिवाय मी गाडीची बिल्टी (मालाची पावती) हातात देत नाही, घासलेला टायर दिसला तर गाडी परत. दुसरं म्हणजे झोप. तासन्‌तास वळण नाही, गाव नाही, समोरून दुचाकी नाही की ट्रॅक्टर नाही (त्यांना बंदीच आहे), आणि पहाटे तीनची वेळ. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ बसला झालेल्या अपघातात पंचवीस माणसं गेली, ते या रस्त्यावर गाडी लावणाऱ्या कुणी विसरू नये. थांबायच्या जागा, जेवण, स्वच्छतागृहं, पंक्चरवाला यांची संख्या एवढ्या लांबीच्या मानाने कमीच आहे, जुन्या नाशिक रोडवर पावला-पावलाला ढाबा असायचा. आम्ही ठरवून दिलंय: शिर्डीच्या अलीकडे-पलीकडे वीस मिनिटं गाडी उभी करायचीच, डोळा लागत असेल तर तासभर. उशीर झाला तर गोदामाला फोन मी करीन, ड्रायव्हरने करायचा नाही. मालक आधी कुरकुरले. मी म्हटलं, पाच तासांतले वीस मिनिटं परवडत नसतील तर जुन्या घाटाने पाठवू. गप्प बसले.

रेल्वेचं कुणीतरी विचारेल म्हणून: एखाद-दुसऱ्या कंटेनरवाल्याला मालगाडी भरेपर्यंत थांबावं लागतं आणि आमच्या मालाला ते जमत नाही. जड माल, जास्त नग आणि घाई नसेल तर रेल्वेचाच दर बघा.

पार्ट लोडवाल्यांना (अख्खी गाडी न भरणाऱ्यांना) इथे फारसं काही मिळणार नाही. तुमचा माल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला दोन दिवस पडून राहतो, गाडी भरली की निघते. मग ती समृद्धीने गेली काय आणि घाटाने गेली काय. तुमच्यासारखे तीन-चार शेजारी एकत्र आले आणि ठरलेल्या वारी ठरलेली गाडी लावली तर गोष्ट बदलते. आमच्या ब्लॉकमध्ये दोन कारखान्यांनी ते सुरू केलंय, बुधवार आणि शनिवार, गाडी अर्धी रिकामी असली तरी सुटते. पुढच्या महिन्यापासून आमचे किरकोळ बॉक्सही त्याच गाडीत टाकणार आहे. भाडं नगावर घ्यायचं की वजनावर, एवढ्यावर बोलणं अडलंय.