चोपड्याच्या 'मणका शिबिरा'त आमचे सहा महिने गेले

मुलगा नववीत, वय १४. सातवीनंतर उंची भराभर वाढली आणि पाठीला बाक दिसू लागला. आजी सारखी ओरडायची, "नीट बठ ना रे पोऱ्या." आम्हालाही वाटलं, मोबाइल आणि दप्तर, दुसरं काय.

दिवाळीनंतर पेपरात पत्रक आलं. चोपड्यात एका लॉजवर शिबिर, विनाऑपरेशन ९० दिवसांत पाठ सरळ, हमखास. पांढऱ्या कोटातल्या माणसाने पोराला पालथं झोपवून पाठीवर गुडघा दाबला, कडाकडा आवाज काढले, वर चुंबकाचा पट्टा बांधला. १८,५०० रुपये. कापूस नुकताच विकला होता, त्यातलेच दिले. एक्स-रे काढायचा का, असं मी विचारलं होतं. "ताई, एक्स-रेत नस दिसत नाही," म्हणाला, आणि मी गप्प बसले.

खरं फसवलं ते फोटोंनी. दर पंधरा दिवसांनी बाजूने फोटो काढायचे, पहिल्याशेजारी धरून दाखवायचे. फरक दिसायचा. ९० दिवस झाले, तर आणखी ९० सांगितले. पोराने फार नंतर सांगितलं की पहिल्या वेळी त्याला "सैल उभा राहा" म्हटलं होतं, पुढे दरवेळी "छाती भर, खांदे मागे घे".

पाठदुखी थांबेना म्हणून मे महिन्यात धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पालथं झोपवून छाती उचलायला लावली. नुसती सवय असती तर पाठ सपाट झाली असती, झाली नाही. मग उभं करून बाजूने एक्स-रे. पाठीच्या वरच्या भागात साधारण २० ते ४५ अंश बाक सगळ्यांनाच असतो. याचा ६२ निघाला. लागोपाठ तीन मणके पुढून दबून पाचरीसारखे झालेले. याला श्युअरमनचा आजार म्हणतात. मणक्याच्या क्षयानेही कुबड येतं, म्हणून तो नाही ना, हेही त्यांनी पाहिलं. त्या लॉजवर यातलं काहीच न पाहता पाठीवर गुडघा ठेवला होता, हे आठवलं की आजही झोप उडते.

विनाऑपरेशन इलाज खोटा नाही, हे मुद्दाम लिहिते. बाक कमी असेल तर पाठीचे व्यायाम आणि मांडीमागचे स्नायू ताणणं. ५०-५५ अंशांपुढे, हाडं वाढत असतील तर, अंगाच्या मापाचा कडक ब्रेस. दिवसातले बरेच तास, महिनोन्महिने, मधेमधे एक्स-रे काढून. वाढ संपली की ब्रेसचा उपयोग राहत नाही. डॉक्टरांनी एक्स-रेत कमरेच्या हाडाची कड दाखवली: वाढ अजून आहे, पण फार नाही. आमचे सहा महिने त्यातलेच. पैशापेक्षा ते जास्त लागतं.

पावतीवर पत्ता नाही, फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे. मागच्या आठवड्यात नणंदेने शहाद्याहून एका पत्रकाचा फोटो पाठवला. नाव वेगळं, ९० दिवस तेच. खाली एका पोराचे दोन फोटो: एकात खांदे पाडलेले, दुसऱ्यात छाती भरलेली.