पहिला टँक: आफ्रिकन सिक्लिड की मॉली-प्लॅटी?

घरात बोअरचं पाणी असेल तर निऑन टेट्रासारख्या मऊ पाण्यातल्या माशांचा नाद नवख्याने सोडलेलाच बरा. मग उरतात मॉली-प्लॅटी-गप्पी, नाहीतर मलावी सरोवरातले आफ्रिकन सिक्लिड. जड, क्षारयुक्त पाणी दोघांनाही मानवतं, त्यामुळे निवड पाण्यावर अडत नाही. मी दोन्ही पाळलेत.

दिसण्यात सिक्लिड सरस, यात वाद नाही. गोड्या पाण्यात असे निळे-पिवळे रंग क्वचितच बघायला मिळतात. शिवाय त्यांना अक्कल असते असं निदान मला तरी वाटतं. डबा हातात घेतला की काचेपाशी गर्दी करतात. मादी अंडी तोंडात धरून तीनेक आठवडे जवळजवळ उपाशी राहते. ते बघताना जेवायची वेळ टळून जाते. मॉलीच्या टँकपुढे असं खिळून बसायला होत नाही, हे कबूल करायला हवं.

पण माझं मत फिरलं ते एका कटकटीमुळे.

दुकानात ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून दोन इंची पिल्लं मिळतात. त्या वयात सगळी गुण्यागोविंदाने राहतात. वयात आल्यावर त्यातला एखादा नर दादा होतो. एका कोपऱ्यावर हक्क सांगतो, कमजोर माशाचे पर कुरतडतो, आणि तो मासा हीटरमागे वर तरंगत दिवस काढतो. आता दादाला बाहेर काढायचं. टँक तर दगडांनी भरलेला, कारण लपायला जागा द्यावीच लागते. जाळी आत गेली की दादा पहिला फटीत गायब, आणि जाळीत येतो तो मार खाणारा! दिवे बंद करून बघितलं, बाटलीचा सापळा लावून बघितला. शेवटी बादल्या मांडायच्या, एकेक दगड उचलायचा, खाली साठलेला गाळ उठून पाण्याचा चहा होतो, आणि त्यात चाचपडत मासा पकडायचा. एवढं करून दगड परत रचले की हद्दी नव्याने ठरतात आणि दोन नंबरचा नर गादीवर बसतो. रविवार जातो तो जातोच.

यावर जाणकार सांगतात की मासे दाटीने ठेवा, म्हणजे मार वाटला जातो. खरं आहे, पण दाटी म्हणजे घाण जास्त, फिल्टर दणकट, पाणी बदलणं चुकवायची सोय नाही. त्यात दुपारभर लाइट गेली की जीव टांगणीला. खाण्याचंही पथ्य असतं. यातले बरेचसे दगडावरच्या शेवाळावर जगणारे, त्यामुळे ब्लडवर्मचे (लाल अळ्यांच्या खाद्याचे) लाड केले तर पोट फुगून दगावण्याची भीती.

मॉली-प्लॅटीची तक्रार एकच: पिल्लावळ. दुकानदार फुकटसुद्धा घेईलच असं नाही. आणि आरोग्य खातं डासांसाठी गप्पी सोडतं म्हणून आपणही उरलेले मासे नदीत सोडावेत असं नाही. पण माद्याच ठेवल्या तर हा प्रश्न बराच आटोक्यात राहतो. एकदम थांबत नाही, कारण दुकानातून आलेली मादी बहुधा आधीच गाभण असते. कोणाला टँकमधून काढायचं तर जाळी घाला, मासा वर, विषय संपला. दोन फुटांच्या टँकमध्ये एवढा निवांतपणा सिक्लिड देत नाहीत, निदान मला दिला नाही.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. जीव सिक्लिडवरच जडला असेल तर तीन-चार फुटांचा टँक घ्या आणि त्यात नुसते इलेक्ट्रिक यलो ठेवा. या मंडळींत ते बरेच शांत. ‘मिक्स’ घ्यायचंच असेल तर पिशवी उजेडात धरून बघा. पिवळ्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे पट्टे असलेलं देखणं पिल्लू दिसलं तर तो ऑराटस. तेवढा परत करा.