एकच कीबोर्ड, मराठी लेखन आणि गेमिंग: दहा महिन्यांच्या वापरानंतर

दिवसभर मराठी मजकूर टाइप करायचा आणि रात्री त्याच टेबलावर शूटर गेम खेळायचे, असा ज्यांचा वापर आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कीबोर्डचे बहुतेक रिव्ह्यू पहिल्या आठवड्यातले असतात. तेव्हा आवाज छान असतो आणि सगळी बटणं सारखीच वाटतात. दहा महिने रेटून वापरल्यावर मात्र एक गोष्ट लक्षात आली, जी मला कुठेच वाचायला मिळाली नव्हती: इनस्क्रिप्टमध्ये (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीत) लिहिणाऱ्या गेमरच्या कीबोर्डची डावी बाजू आधी थकते.

कारण साधं आहे. इनस्क्रिप्टमध्ये मात्रा डाव्या हाताला असतात, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. गेममध्ये चालायची चार बटणं म्हणजे डब्ल्यू, ए, एस, डी. मराठीत याच बटणांवर अनुक्रमे दोन मात्रा, ओकार, एक मात्रा आणि हलन्त आहेत. शेजारच्या ई वर काना, आणि तेच ई कितीतरी गेममध्ये दार उघडायला किंवा वस्तू उचलायला लागतं. ‘राष्ट्राध्यक्ष’ हा शब्द सरळ एकेक अक्षर टाइप केला तर डी चार वेळा आणि ई दोन वेळा दाबलं जातं. मराठीत जोडाक्षरं किती आणि काना किती, हे वेगळं सांगायला नको.

माझा कीबोर्ड पंचाहत्तर टक्के आकाराचा आहे, म्हणजे नंबरपॅड नाही पण वरची एफ-रांग आहे. प्रत्येक बटणाखालचे स्विच लिनिअर, म्हणजे दाबताना मध्ये अडथळा न जाणवणारे, साधारण 45 ग्रॅम जोराने दबणारे. 2 मिलिमीटरवर दाबाची नोंद होते, पूर्ण दाब 4 मिलिमीटरचा. चेरी या कंपनीच्या एमएक्स स्विचचं पेटंट संपल्यापासून त्याच मापाचे स्विच बऱ्याच कंपन्या बनवतात, त्यामुळे मॉडेलपेक्षा आतल्या भागांबद्दल बोललेलं जास्त उपयोगाचं.

पाचव्या महिन्याच्या सुमारास ई चं बटण एका दाबात दोनदा उमटायला लागलं. याला चॅटर म्हणतात. धातूच्या दोन पत्र्या एकमेकींवर आपटताना क्षणभर थरथरतात, आणि धूळ किंवा झीज वाढली की तो थरथराट फर्मवेअरला, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रॅमला, दोन वेगळे दाब वाटतो. इंग्रजीत एक ‘ई’ जास्त पडली तर नजरेतून निसटते. मराठीत निसटत नाही: एका अक्षराला दोन काने लागले की बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या कान्याच्या आधी ठिपक्यांचं गोल वर्तुळ येतं आणि ओळ विस्कटते. खोक्यावर स्विचचं आयुष्य पाच कोटी दाब छापलेलं होतं. असा आकडा स्विच यांत्रिकदृष्ट्या किती दाब सहन करेल ते सांगतो, पण प्रत्येक दाब एकदाच उमटेल याची खात्री त्यातून मिळत नाही.

यावर दोन उपाय आहेत. फर्मवेअरमध्ये डीबाउन्सची वेळ (थरथराट थांबेपर्यंत थांबायची वेळ) वाढवायची, हा पहिला. क्यूएमके या कीबोर्डांसाठीच्या मुक्त फर्मवेअरमध्ये ती मुळात 5 मिलिसेकंद असते. 10 केली की त्रास बराच कमी होतो, पण काही पद्धतींमध्ये तेवढाच प्रतिसाद मागे पडतो. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे स्विच बदलणं. कीबोर्ड हॉट-स्वॅप, म्हणजे स्विच नुसते ओढून काढता-बसवता येणारा, असल्यामुळे मी कोपऱ्यातल्या पॉज बटणाचा स्विच काढून ई मध्ये बसवला आणि ई चा तिकडे. सोल्डरिंग नाही, सर्व्हिस सेंटर नाही. पॉज कधी दाबतच नाही, त्यामुळे तिथे तो बिघडलेला स्विच पडून राहिला तरी चालतं. बसवताना पिना अगदी सरळ आहेत ना ते उजेडात धरून बघा, आणि जोर लावण्याआधी खालून सॉकेटला आधार द्या. आधार नसेल तर सॉकेट बोर्डावरून उखडू शकतं, आणि मग सोल्डरिंग टळत नाही.

कीकॅप, म्हणजे बटणांच्या टोप्या, मूळच्या एबीएस प्लास्टिकच्या होत्या. सहाव्या महिन्यात ई, डी आणि डावा शिफ्ट तेलकट चमकायला लागले, तर उजवीकडचं पी अजून नव्यासारखं खरखरीत होतं. डाव्या शिफ्टचं कारणही इनस्क्रिप्टच: ळ, ख, ध, अ, आ सगळे शिफ्टवर. आता पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकचा सेट लावलाय. पीबीटी एवढ्या लवकर गुळगुळीत होत नाही, आणि आवाजही जरा खाली येतो. स्पेसबारचा खडखडाट मात्र स्विचचा नसून स्टॅबिलायझरच्या (लांब बटण समतोल ठेवणाऱ्या भागाच्या) तारेचा होता. तारेच्या टोकांना थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावल्यावर तो गेला, तो अजून परतलेला नाही. गेमिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या कीबोर्डमध्ये एवढं साधं काम कारखान्यातच व्हायला हवं, हे माझं ठाम मत आहे.

मधल्या काळात मित्राचा चुंबकीय म्हणजे हॉल इफेक्ट कीबोर्ड काही दिवस वापरला. त्यात पत्रीला पत्री लागत नाही, सेन्सर चुंबकाचं अंतर मोजतो, त्यामुळे वर सांगितलेला चॅटर संभवत नाही. त्यातल्या रॅपिड ट्रिगर या सोयीमुळे बोट किंचित उचललं की चालणं थांबतं, आणि हे गेममध्ये खरंच जाणवतं. टायपिंगला मात्र नोंदीची खोली फार कमी ठेवली की बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतं. 2 मिलिमीटरच्या आसपास वेगळं प्रोफाइल करून ठेवलं तर दोन्ही कामं होतात. एक इशारा: उलट दिशेची दोन बटणं एकत्र दाबल्यावर कीबोर्डनेच एक सोडून देण्याची जी सोय येते, ती काउंटर-स्ट्राइक 2 या शूटर गेमच्या अधिकृत सर्व्हरवर तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट 2024 पासून चालू देणं बंद केलंय. ती चालू असेल तर सामन्यातून बाहेर काढलं जातं.

माऊसबद्दल थोडक्यात. 26000 डीपीआय (माऊसची संवेदनशीलता) हा आकडा मी कधीच वापरला नाही; 800 वर सगळं होतं. 1000 हर्ट्झ पोलिंग म्हणजे दर मिलिसेकंदाला एक नोंद, घरगुती खेळाला पुष्कळ झालं. हाताला रोज जाणवतं ते वजन आणि पाठीचा उंचवटा. तो उंचवटा तळव्याला टेकतो की नाही हे हातात धरल्याशिवाय कळत नाही. आधीच्या माऊसचं डावं बटण एका क्लिकला दोन क्लिक द्यायला लागलं होतं, म्हणून या वेळी ऑप्टिकल स्विचचा घेतला. त्यात प्रकाशाची रेघ तुटली की क्लिक नोंदली जाते. आजवर एकही दुहेरी क्लिक नाही.

वायरलेस अडखळण्याचा त्रास मात्र झाला. माऊसचा डोंगल (सिग्नल पकडणारा यूएसबी तुकडा) कॅबिनेटच्या मागे, हार्ड डिस्कच्या यूएसबी 3 पोर्टला खेटून होता. यूएसबी 3 चा विद्युत गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच येतो, आणि डोंगलही त्याच पट्ट्यात चालतो. एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल माऊसपॅडशेजारी आणला, आणि पॉइंटर अडखळायचा बंद झाला. ब्लूटूथवर गेम खेळू नका, तिथे नोंदींचा वेग खूपच कमी असतो.

मॉनिटर 27 इंची, 1440पी, 144 हर्ट्झचा आहे. 60 हर्ट्झवर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद टिकते, इथे 6.9. तरी मला जास्त फरक पडला तो अक्षरांत. 27 इंचावर 1080पी म्हणजे इंचाला जेमतेम 82 पिक्सेल, 1440पी ला साधारण 109. लहान टायपात ‘ष्ट्र’चा पाय आणि अनुस्वाराचा ठिपका आता वेगवेगळे दिसतात, आणि मुद्रितं तपासताना डोळे ताणावे लागत नाहीत. पॅनेल व्हीए प्रकारचं आहे, त्यामुळे अंधाऱ्या दृश्यांत हलणाऱ्या आकृतीमागे काळपट फराटा राहतो. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारं मॉनिटरचं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवला की तो कमी होतो, सर्वांत वरच्या पायरीवर उलट पांढरी कड उमटते. केबल जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन 144 स्वतः निवडा, कारण पुष्कळदा ते 60 वरच राहिलेलं असतं.